एडीएचडी : आवाज सहन होत नाही आणि सांगितलेलं लक्षात राहत नाही, हे एकच आहे का दोन वेगळे प्रॉब्लेम?

निफाडची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथे, लांबेल थोडं.

माझा मुलगा ८ वर्षांचा आहे, तिसरीत, मराठी माध्यम. दोन महिन्यांपूर्वी नाशिकला डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनकडे (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) एडीएचडीचं निदान झालं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलता फार. कान डोळे आधी तपासून घेतले, आमच्याकडून आणि वर्गशिक्षिकांकडून फॉर्म भरून घेतले, मग बुद्ध्यांकाची टेस्ट. बुद्ध्यांक छान आला पण त्यात ते आकडे ऐकून उलटे सांगायचे असतात ना, त्यात फारच कमी मार्क, आणि रिपोर्टात लिहिलंय "वर्किंग मेमरी कमकुवत". मग ओटीकडे (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) पाठवलं, तिथे अजून एक मोठा फॉर्म, आणि त्यांनी लिहिलं "सेन्सरी प्रोसेसिंगमध्ये अडचणी", म्हणजे आवाज, स्पर्श अशा संवेदना हाताळण्यात अडचण. आता माझ्याकडे तीन कागद आहेत नि तिन्हीवर वेगवेगळी नावं.

घरी काय होतं ते सांगते. मिक्सर लावला की हा कानावर हात ठेवून थेट गच्चीत पळतो. शर्टाचं मानेजवळचं लेबल कापल्याशिवाय घालत नाही, दिवाळीला उटणं लावताना एवढा रडतो की शेजारचे येऊन विचारतात. आणि हाच मुलगा दिवसभर पलंगावरून उड्या मारतो, आजोबांच्या अंगावर जाऊन धडकतो, स्वतः तर सतत काहीतरी आवाज करत असतो! मग आवाजाचा त्रास नेमका होतो की नाही?

दुसरं म्हणजे मी सांगते की वर जा, निळी वही आण, येताना लाईट बंद कर आणि चपला आत घे. वर जातो आणि दहा मिनिटांनी खिडकीशी बसलेला सापडतो, वही नाही काही नाही. ओरडलं की डोळ्यात पाणी येतं, म्हणतो "मला आठवतच नाही तू काय म्हणालीस". मॅडम म्हणतात ऐकतच नाही. सासूबाई म्हणतात लाडावलाय, याचे बाबाही लहानपणी असेच होते. पण दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या लग्नात कुठल्या काकांनी कुठल्या रंगाचा फेटा बांधला होता हे त्याला आजही आठवतं, मग मेमरी कमी कशी म्हणायची?

आमच्यापुढे आता तीन रस्ते आहेत. आठवड्यातून दोनदा ओटी, म्हणजे चाळीस किलोमीटर जाऊन येऊन आणि यांची अर्धी रजा. दुसरं डॉक्टरांनी सुचवलेलं औषध, त्याची मला भीती वाटते. आणि तिसरं, एका सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटरवर मेमरी वाढवायचा कोर्स सांगितलाय, फी ऐकून मी गप्पच झाले. सगळं एकदम परवडणार नाही. आधी काय करू?

---

पुण्याचा_बाबा

ताई, फेट्याचा रंग आठवतो आणि निळी वही विसरतो यात विरोध काहीच नाही, आम्हालाही हे कळायला दोन वर्षं लागली. माझी लेक आता १४ ची आहे, तिचं निदान सातव्या वर्षी झालं.

आमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते माझ्या भाषेत सांगतो. माळा वेगळा आणि ओटा वेगळा. माळ्यावर वर्षानुवर्षांचं सामान राहतं, लग्नातला फेटा तिथे आहे, शाबूत आहे. वर्किंग मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आत्ता या क्षणी जे हाताशी लागतंय तेवढंच तिथे मांडून काम करायचं. मोठ्या माणसाच्याही ओट्यावर फार जागा नसते, पूर्वी सात गोष्टी म्हणायचे (मिलर, १९५६), नंतर कोवान नावाच्या संशोधकाने २००१ मध्ये चारच्या आसपास असा अंदाज मांडला. आणि तुमच्या पिल्लाचा ओटा त्याच्या वयाच्या मुलांपेक्षाही लहान आहे. तुम्ही एका दमात वर जा, वही, निळी, लाईट, चपला एवढं मांडता, तिसरं ठेवताना पहिलं खाली पडतं. तो ऐकतो. ऐकलेलं पडतं.

आकडे उलटे सांगायची टेस्ट म्हणून तर घेतात. सरळ सांगताना नुसतं धरून ठेवायचं असतं, उलटं सांगताना धरूनही ठेवायचं आणि फिरवायचंही.

आता आवाजाचा आणि याचा संबंध. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरीचं जे मॉडेल मांडलं त्यात ऐकलेले शब्द मनातल्या मनात घोळवत ठेवायची एक वेगळी जागा आहे. आपण फोन नंबर पुटपुटतो ना लिहीपर्यंत, तीच ती. कुणी बोलत असेल तर ते बोलणं त्या जागेत शिरतंच, तुम्ही लक्ष देत नसलात तरी, अगदी अनोळखी भाषेतलं असलं तरी. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं, फक्त आपल्या ओट्यावर थोडी जास्त जागा असते म्हणून निभतं. आमच्याकडे संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मालिका चालू असायच्या आणि लेक आत पाढे पाठ करायची, दोन दोन तास जायचे आणि शेवटी मी चिडायचो. टीव्ही तिच्या अभ्यासाच्या वेळी पूर्ण बंद केला, आईशी यावरून दोन दिवस अबोला झाला, पण तेच पाढे पाऊण तासात व्हायला लागले. पंख्याच्या एकसुरी आवाजाचा तेवढा त्रास नसतो, माणसांच्या बोलण्याचा जास्त. आधी हे करून बघा, याला पैसे लागत नाहीत.

ओरडण्याबद्दल एकच सांगतो, मी फार ओरडलोय तिला त्या काळात आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

---

ओटी_सांगली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, बारा वर्षं मुलांसोबत काम करतेय, म्हणून सेन्सरीबद्दल लिहिते.

आधी कागदांचा गोंधळ सोडवू. निदान एकच आहे, एडीएचडी. वर्किंग मेमरीचा आणि सेन्सरीचा रिपोर्ट हे निदानाखालचे तपशील समजा. डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक, २०१३) एडीएचडीच्या ज्या खुणा दिल्यात त्यात सेन्सरी त्रास नाहीये, आणि सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर असं स्वतंत्र निदानही त्यात नाही. पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये तो इतर मुलांपेक्षा जास्त दिसतो हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. मात्र सेन्सरीच्या खुणा खूप जास्त असतील, आणि सोबत बोलण्यात, मिसळण्यात, खेळण्याच्या पद्धतीत वेगळेपण असेल तर ऑटिझमबद्दल डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. २०१३ पासून दोन्ही निदानं एकत्र देता येतात, त्याआधी देत नव्हते.

तुम्ही विचारलंत आवाजाचा त्रास होतो की नाही. होतो, आणि त्याच वेळी तो आवाज शोधतोही. विनी डन यांनी १९९९ मध्ये जो सेन्सरी प्रोफाइल फॉर्म काढला (तुमच्याकडून भरून घेतलेला बहुतेक तोच किंवा त्याच जातीचा असणार) त्यात चार पद्धती आहेत : जाणवतच नाही, शोधत राहतो, पटकन टोचतं, आणि टाळतो. एकाच मुलात वेगवेगळ्या संवेदनांसाठी वेगवेगळी पद्धत असू शकते. कान आणि कातडी याबाबत तो हळवा दिसतोय, पण स्नायू आणि सांध्यांना मिळणारा दाब त्याला हवा आहे, म्हणून उड्या, म्हणून आजोबांना धडक. शिवाय स्वतः केलेला आवाज कधी सुरू होणार हे त्याला माहीत असतं. मिक्सर अचानक अंगावर येतो. म्हणून मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगा, आणि जमलं तर बटण त्यालाच दाबू द्या. तुम्ही शेजारी उभ्या राहा अर्थातच.

उटण्याच्या बाबतीत जबरदस्ती नको. हलक्या गुदगुल्या करणाऱ्या स्पर्शापेक्षा घट्ट, सावकाश दाब अशा मुलांना बहुतेक वेळा बरा वाटतो. तेल तळव्याने दाबून लावा, उटणं त्याला स्वतःच्या हाताने लावू द्या, नाही लावलं तरी दिवाळी होते.

त्या दाबासाठी आम्ही ज्याला हेवी वर्क म्हणतो ते घरात भरपूर असतं. कणीक मळणं, पाण्याची अर्धी बादली उचलून झाडांना घालणं, बाजाराची पिशवी धरणं, गाद्या घड्या घालून रचणं. अभ्यासाच्या आधी पंधरा मिनिटं. आणि गावात मल्लखांब असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. पकड, ओढ, उलटं लटकणं, अंगाचा पूर्ण भार, आणि एकावेळी एकच कृती, सर करून दाखवतात आणि हा करतो, तोंडी सूचनांची माळ नाही. माझ्याकडची दोन मुलं जातात, आवडीने जातात, याहून मोठा दावा मी करणार नाही.

आता माझ्याच क्षेत्राबद्दल जे खरं आहे ते सांगायला हवं. सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे वेगवेगळ्या संवेदनांची मेंदूत सांगड घालायला शिकवायची कल्पना जीन एअर्स या थेरपिस्टची, १९७०च्या दशकातली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट लिहिलं की उपचारांचा एक भाग म्हणून अशी थेरपी चालेल, पण तिच्या परिणामांबद्दलचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा. मी सांगते. म्हणून ओटी लावलीत तर पहिल्याच दिवशी विचारा की तीन महिन्यांत रोजच्या आयुष्यात नेमकं काय बदललेलं दिसेल. "सेन्सरी सिस्टीम सुधारेल" हे उत्तर घेऊ नका. "स्वतः कपडे घालेल, जेवायला वीस मिनिटं बसेल" असं उत्तर हवं. आठवड्यातून दोनदा चाळीस किलोमीटर करण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा जाऊन घरी करायचं शिकून घेता येईल का ते विचारा, चांगला थेरपिस्ट नाही म्हणणार नाही. आणि आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) या सरकारी योजनेत बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अशा अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं सुरू झालीत, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, एडीएचडी त्यांच्या यादीत आहे. तिथेही चौकशी करा, खर्चाचा भार कमी होईल.

---

झेडपीची_बाई

मी जिल्हा परिषद शाळेत दुसरी तिसरीला शिकवते. "ऐकतच नाही" हे वाक्य मीही खूप वर्षं वापरलंय, म्हणून लिहावंसं वाटलं.

वर्गात ओट्यावरची जागा कशी खाल्ली जाते बघा. मी म्हणते "ब्याऐंशी लिहा". मराठीत आधी दोन ऐकू येतात नि मग ऐंशी, पण लिहायचे आधी आठ. म्हणजे मुलाने दोन धरून ठेवायचा, आठ लिहायचा, मग धरलेला दोन लिहायचा. आपल्याला हे जाणवतही नाही पण ज्याची वर्किंग मेमरी कमी आहे तो हमखास २८ लिहितो आणि आपण म्हणतो लक्ष नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "ऐंशी दोन" अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढी टीका झाली, गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंनी लोकांना किती समजावून सांगितलं. राजकारण राहू दे बाजूला, माझ्या वर्गातल्या दोन तीन मुलांना त्याचा खरंच उपयोग झाला. तुम्ही घरी दोन्ही म्हणा, "ब्याऐंशी, म्हणजे ऐंशी दोन".

पहिल्या वेलांटीचंही तेच. "कि" म्हणताना क आधी उच्चारायचा, लिहिताना वेलांटी आधी. आणि फळ्यावरून उतरवून घेणं हे तर सगळ्यात अवघड काम, मान वर, चार शब्द धरा, मान खाली, वहीतली ओळ शोधा, तेवढ्यात शेजारच्याची कंपासपेटी पडते आणि चारही शब्द गेले. म्हणून अशा मुलाला मी मजकूर त्याच्या बाकावर कागदावर देते. पुढच्या बाकावर बसवते, पण दाराजवळ नाही, दाराजवळ व्हरांड्याचा सगळा आवाज येतो. सूचना एका वेळी एक, आणि त्याच्याकडून परत वदवून घेते, "काय करायचंय सांग बघू". खडू आण, वह्या वाट, हजेरी ऑफिसमध्ये देऊन ये ही कामं त्यालाच. आणि काम अपूर्ण राहिलं म्हणून खेळाचा तास कापू नका असं तुमच्या मॅडमना माझ्या वतीने सांगा, त्याला तो तास इतरांपेक्षा जास्त लागतो.

मॅडमना रिपोर्टाची झेरॉक्स देऊन नुसतं "सांभाळून घ्या" म्हणून चालत नाही हो, चाळीस मुलं असतात. एका कागदावर तीनच गोष्टी लिहून द्या की या करा. आम्ही करतो.

---

सायको_मुंबई

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. वरच्यांनी बरंच चांगलं लिहिलंय, राहिलेलं लिहिते.

कॉम्प्युटर कोर्स : घेऊ नका. स्वीडनमध्ये क्लिंगबर्ग यांनी २००२ आणि २००५ मध्ये एडीएचडीच्या मुलांवर अशा ट्रेनिंगचे प्रयोग केले तेव्हा आम्हा सगळ्यांनाच खूप आशा वाटली होती. पुढे बरेच अभ्यास झाले, २०१३ मध्ये मेल्बी-लेर्वाग आणि हल्म यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तर दिसलं की मुलं त्या खेळांत आणि त्यासारख्या टेस्टमध्ये सुधारतात, पण वाचन, गणित, लक्ष यात ती सुधारणा उतरत नाही. म्हणजे ओटा मोठा होत नाही. मग ओट्यावर कमी मांडायचं, आणि बाकीचं भिंतीवर लिहून ठेवायचं. एडीएचडीच्या मुलांत ऐकलेल्यापेक्षाही डोळ्यांनी पाहून जागा, क्रम लक्षात ठेवण्यात जास्त अडचण येते असं २००५ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं, म्हणून "मी दाखवलं होतं ना एकदा" हेही पुरत नाही. चित्र किंवा यादी समोरच राहायला हवी, काम संपेपर्यंत.

चुळबुळीबद्दल : सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने ८ ते १२ वयाच्या मुलग्यांवर केलेलं काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. वर्किंग मेमरी लागणाऱ्या कामात एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलत होती तितकं त्यांचं काम चांगलं होत होतं, बाकीच्या मुलांचं उलट. म्हणून पाढे उभ्याने म्हणू दे, झोपाळ्यावर म्हणू दे, पाय हलवू दे. "आधी नीट बस" यातच त्याची सगळी ताकद जाते, मग पाढ्याला काय उरणार? आणि आवाजाचंही सरसकट नाही. २००७ मध्ये सॉडरलुंड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात एकसुरी खळखळाट चालू असताना एडीएचडीच्या मुलांना जास्त लक्षात राहिलं, इतरांना कमी. तुमचा मुलगा कानाने हळवा आहे तेव्हा हे जपून, त्याला विचारून.

औषध : भीती वाटणं साहजिक आहे, पण ती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा, घरी ठेवू नका. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा मिथाइलफेनिडेट सुचवलं असेल, ते अनेक दशकं वापरात असलेलं औषध आहे, लक्ष आणि अतिचंचलता यावर त्याचा परिणाम चांगला दिसतो, वर्किंग मेमरीवर थोडाच. सेन्सरी त्रासासाठी ते नाही. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं हे त्रास होऊ शकतात म्हणून वजन, उंची, नाडी, बीपी बघत राहतात. ६ वर्षांखाली आधी पालकांचं प्रशिक्षण म्हणतात, तुमचा ८ चा आहे, त्यामुळे डॉक्टरांनी सुचवलं यात काही वावगं नाही. सुरू करायचं की नाही हे तुम्ही दोघं आणि डॉक्टर ठरवाल.

एक काम मात्र आत्ताच लावून घ्या. एडीएचडीसोबत लेखन, वाचन, गणिताची लर्निंग डिसेबिलिटी बऱ्याच मुलांत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळी नाही, पण लर्निंग डिसेबिलिटी आहे. तिची तपासणी तिसरीत किंवा ८ वर्षांचा झाल्यावर करतात, म्हणजे बरोबर आत्ताच. पुढे परीक्षेतल्या सवलती त्याच कागदावर मिळतात.

---

३१_पुरुष

मला २९ व्या वर्षी निदान झालं. तुमच्या मुलाचं "मला आठवतच नाही तू काय म्हणालीस" हे वाक्य वाचून थांबलो. मी हे वाक्य कधी म्हणालोच नाही कारण ते खोटं वाटेल हे मला माहीत होतं, मी सरळ म्हणायचो "नाही करणार जा". मार खाल्ला पण मठ्ठ म्हणवून घेण्यापेक्षा उद्धट बरं वाटायचं. वर जाईपर्यंत डोक्यात असायचं, जिन्यात कुणाचा तरी रेडिओ लागलेला असायचा, आणि वर पोचल्यावर फक्त एवढंच आठवायचं की काहीतरी आणायचं होतं, पोटात गोळा यायचा. खाली जायची हिंमत व्हायची नाही म्हणून खिडकीशी बसून राहायचो. तुमचा मुलगाही कदाचित म्हणूनच बसत असेल. तो तुम्हाला खरं सांगतोय, ते तसंच चालू राहू द्या. "विसरलास तर खाली येऊन परत विचार, मी रागावणार नाही" एवढं त्याला सांगून ठेवा आणि खरंच रागावू नका.

---

निफाडची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचा मेसेज मी यांना वाचून दाखवला, वाचताना मला पुढे वाचवेना, यांनी फोन हातातून घेऊन उरलेला स्वतः वाचला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले की माझंही असंच व्हायचं. आता सासूबाई "याचे बाबापण असेच होते" म्हणतात तेव्हा हे शांतपणे म्हणतात, हो आई, असाच होतो.

कोर्सवाल्यांना नको म्हणून कळवलं. ओटी पंधरा दिवसांतून एकदा ठरली, त्या लगेच हो म्हणाल्या. औषधाबद्दल पुढच्या शनिवारी दोघं जाऊन बोलणार आहोत, प्रश्न लिहून ठेवलेत. लर्निंग डिसेबिलिटीच्या तपासणीची तारीखही तेव्हाच विचारते. मॅडमना तीन ओळींचा कागद दिला, त्यातल्या दोन गोष्टी सुरू झाल्यात, फळ्यावरचं उतरवणं अजून तसंच आहे.

मिक्सरचं बटण आता तोच दाबतो. एका हाताने एक कान झाकून, पण दाबतो, आणि चटणी झाली की झाकण काढून वासही घेतो. परवा वरून वही आणायला सांगितली, तर अर्ध्या जिन्यातून परत आला नि विचारलं, "आई, निळी की हिरवी?" मी म्हटलं निळी. घेऊन आला. लाईट राहिला वरचा, तो मी नंतर जाऊन बंद केला.

आता एकच विचारायचंय, निफाड किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजूला लहान मुलांचा मल्लखांबाचा वर्ग कुठे चालतो का? संध्याकाळचा असेल तर बरं, आणि फार गर्दी नसेल असा.